पुठ्ठ्याची विहीर

“विहीर जरा मोठी कर,” हे म्हणाले.

“आहे तेवढीच केलीय. मापानं.”

“माप राहू दे गं. बघताक्षणी पंचांच्या पोटात गोळा आला पाहिजे. ही तर आंघोळीचं घंगाळ वाटतेय.”

मी विहीर मोठी केली. नवऱ्यानं सांगितलं की बाईनं विहीरसुद्धा मोठी करावी, असं आमच्या घरचं वळण होतं. पुठ्ठ्याची पट्टी वाकवून नवा कठडा केला, आतून काजळी फासली. ह्यांनी वाकून आत पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. “आता कशी खुनाची विहीर वाटते!”

ही एकोणीसशे छप्पन सालची गोष्ट. तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्याला ज्यूरी बसत असे. जिल्ह्यातले नऊ प्रतिष्ठित पुरुष पंच म्हणून गोळा करून खुर्च्यांवर बसवायचे, त्यांना दोन्हीकडचं ऐकवायचं आणि शेवटी विचारायचं, हा माणूस दोषी की निर्दोष? त्यांनी एकमेकांकडे बघून काय ते सांगायचं. पुढे सरकारनं ही पद्धत बंद केली.

आमचे हे सरकारी वकील. आठल्ये वकील म्हटलं की कारकून उठून उभे राहत. पण आदल्याच वर्षी एक खटला हे हरले होते, कारण ह्यांच्या तीन तासांच्या भाषणात नऊपैकी पाच पंच झोपी गेले. उरलेले चार जागे होते, पण ते ऐकत होते असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. तेव्हापासून ह्यांना घोर लागला होता. मग कुठल्याशा विलायती मासिकात ह्यांनी वाचलं, की ज्यूरीच्या कानावर विसंबू नये, पुरावा डोळ्यांपुढे मांडावा. नकाशे, चित्रं, छोट्या प्रतिकृती. कानानं ऐकलेलं माणूस विसरतो, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही.

“आणि चित्र कधी खोटं बोलत नाही,” हे म्हणाले.

प्रतिकृती करायला मुंबईहून माणूस आणायचा तर सरकार खर्च देईना. घरात मी होते. राममंदिरातला गोकुळाष्टमीचा देखावा दरवर्षी माझ्याकडे असे. यशोदेपासून वासरापर्यंत सगळं मी माती, चिंध्या आणि पुठ्ठ्यांतून उभं करी. गोकुळ जमतं तर खून का जमू नये, असा ह्यांनी विचार केला.

खटला होता ठकूवर. ठकू भोईर, चाळिशीची, मागंपुढं कुणी नसलेली बाई. वाघेऱ्याच्या आवडाकाकू तुंगाऱ्यांकडे वीस वर्षं धुणंभांडी, पाणी, शेणगोठा करत होती. भाद्रपदात एका पहाटे काकू परसातल्या विहिरीत मेलेल्या सापडल्या. आदल्या संध्याकाळी काकू ठकूला बोलल्या होत्या, हे चार लोकांनी ऐकलं होतं. काकू रोज सगळ्यांनाच बोलत, हेही चार लोकांनी ऐकलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. आणि प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच, काकूंचे पुतणे भार्गवबुवा.

बुवा म्हणजे मोठं प्रस्थ. कपाळाला गंधाचा पट्टा, गळ्यात रुद्राक्ष, बोलण्यात वाक्यागणिक दत्तगुरू. त्यांची जबानी अशी होती: परसातल्या दत्ताच्या घुमटीला मी रोज पहाटे एकशे आठ प्रदक्षिणा घालतो. त्या दिवशी प्रदक्षिणा घालत असता विहीर उजव्या हाताला आली, मी मान वळवली, तर ठकू काकूंना आत ढकलताना मला स्वच्छ दिसली.

एवढ्यावर ठकूला फाशी व्हायची होती. दुसरं काही नव्हतंच.

मापं घ्यायला हे मला वाघेऱ्याला घेऊन गेले. ठकू तुरुंगात, बुवा कुठंशी कीर्तनाला, घर बंद. परस मोकळं होतं. मधोमध दगडी घुमटी, पुरुषभर उंचीची, आत दत्ताच्या पादुका. तिच्या पूर्वेला वीस पावलांवर विहीर. मी दोरीनं सगळं मोजलं आणि ह्यांनी कागदावर उतरवलं. मग माझ्या पायांना राहवेना. लग्नापासून माझा नेम आहे, सकाळी देवाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. त्या दिवशी निघण्याच्या घाईत त्या राहूनच गेल्या होत्या. देव समोर, वेळ हाताशी. मी घुमटीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. हे घड्याळ बघत उभे.

अकरावी संपवून मी म्हटलं, “अहो, एक विचारू?”

“विचार, पण लवकर.”

“इथं गवत केवढं माजलंय! एकशे आठ प्रदक्षिणा रोज घातल्या तर वाट खडखडीत होते. राममंदिरात मी एकटी घालते तर फरशी झिजलीय.”

“पाऊस झालाय. गवत येणारच.”

“बरं. आणि ते उजव्या हाताला म्हणतात…”

“हे बघ,” हे अगदी प्रेमानं म्हणाले, “जबानी मॅजिस्ट्रेटनं लिहून घेतलीय. तू माती मळ. कायदा मी मळतो.”

मी दोरी गुंडाळली. तसं मला मोठ्यानं बोलता येतच नाही. माझं बोलणं शेजारच्या खोलीत जात नाही, अशी माझी लहानपणापासून ख्याती. सासूबाईंना त्याचं फार कौतुक होतं.

दोन आठवडे मी प्रतिकृती करत होते. चार फुटी फळीवर घर, गोठा, औदुंबर, घुमटी. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून त्याचं गवत केलं. घुमटीभोवतीही पसरलं, कारण तिथं होतं. हे संध्याकाळी कोर्टातून आले, बघत राहिले.

“इथलं गवत काढ.”

“तिथं आहे म्हणून…”

“रोजच्या प्रदक्षिणा म्हणजे वाट रुळलेलीच असणार. पंचांना ती दिसली पाहिजे.”

मी डोक्यातला आकडा काढला आणि त्या टोकानं घुमटीभोवतीचं गवत खरवडलं. पाच मिनिटांत भार्गवबुवांनी वर्षानुवर्षं घातलेल्या प्रदक्षिणांची वाट तयार झाली. चित्र कधी खोटं बोलत नाही. त्याला खरवडावं मात्र लागतं.

मग बाहुल्या. ठकूची काळी, काकूंची पांढऱ्या लुगड्याची, बुवांची लाल सोवळ्याची. बोटभर उंचीच्या. ह्यांनी घुमटीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं फुली मारली. “बुवा इथं चिकटव.”

“तोंड कुणीकडे?”

“विहिरीकडे! दुसरीकडे कुठं? घट्ट चिकटव, हलता कामा नये.”

त्या फुलीवरून विहीर छान दिसत होती. फुलीवर उभ्या केलेल्या माणसाला काहीही छान दिसतं. तो तिथं कसा आला, कुठल्या बाजूनं आला, कुठं निघाला होता, हे त्याला कुणी विचारत नाही.

ठकूच्या आणि काकूंच्या बाहुल्या मी आधीच चिकटवल्या होत्या. बुवांची हातात घेतली, तर हात पुढे होईना.

“आज एकादशी,” मी म्हटलं. “आज मी धान्याला शिवत नाही. खळ कशी शिजवू?”

“अगं, चिकटवायला खळ लागते, खायला नाही!”

“शिवायचंच नाही असा नेम आहे.”

हे नेमाच्या वाटेला कधी जात नसत. एकदा गेले होते, तेव्हा सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला होता. “बरं, बरं. नुसती उभी ठेव. कोर्टात कोण हात लावतंय!”

आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी नवमी होती. ह्यांना तारखा तोंडपाठ, तिथी एकही ठाऊक नाही. आयुष्यात मी नेमाच्या नावानं बोललेलं ते एकच खोटं. दोन दिवसांनी खरी एकादशी आली, ती मी निर्जळी केली. देवाचं समाधान झालं की नाही ते त्याला माहीत. माझं झालं नाही.

खटल्याच्या दिवशी हे मला बरोबर घेऊन गेले. टांग्यात फळी मांडीवर कोण धरणार? कोर्टात मी मागच्या बाकावर बसले, हातात जपमाळ.

फळी मधल्या टेबलावर ठेवली, तसे नऊच्या नऊ पंच पुढे सरकले. ह्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. एकही झोपला नाही. एकानं गोठ्यातल्या गाईला बोट लावून पाहिलं. पंचांचे प्रमुख केळुसकर मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि चक्क दोन पावलं मागं सरले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. विहीर मोठी केल्याचं सार्थक झालं होतं.

ठकू आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. ती प्रतिकृतीकडे बघत नव्हती, प्रतिकृतीतल्या काळ्या बाहुलीकडे बघत होती. वाळलेल्या शेंगेसारखी दिसत होती ती. पोलिसानं दोन वेळा सांगितलं तरी कठड्याला टेकली नाही. साहेबांसमोर टेकायचं कसं, असं तिला वाटत असावं.

बुवांनी साक्ष दिली. आवाज कसा, तर देवळातल्या गाभाऱ्यासारखा. विहीर उजव्या हाताला आली, मान वळवली, स्वच्छ दिसलं. पंच माना डोलावत होते.

ठकूच्या बाजूनं सरकारनं दिलेला वकील उठला. परेरा नावाचा वसईचा पंचवीस वर्षांचा मुलगा, त्याचा पहिलाच मोठा खटला. कोट नवा आणि आवाज कोटाहून नवा.

“बुवा, आपण रोज किती फेऱ्या घालता?”

“फेऱ्या नव्हेत. प्रदक्षिणा.” बुवा हसले. “एकशे आठ.”

“माफ करा. आमच्यात नसतात.” कोर्टात खसखस पिकली. परेरा लाल झाला. “मला ते नीट समजत नाही म्हणून विचारतो. ठकूला पाहिलंत तेव्हा आपण प्रदक्षिणा घालत होतात?”

“हो.”

“थांबला होतात की चालत होतात?”

“चालता चालताच मान वळवली. व्रत मोडून कसं थांबणार?”

“विहीर उजव्या हाताला?”

“उजव्याच.”

“आणि मधे काही आड नव्हतं?”

“काहीही नाही. तळहातावर असावं तसं दिसलं.”

परेरा टेबलाजवळ गेला. दुसरं काय विचारावं ते त्याला सुचत नव्हतं, हे मागच्या बाकावरूनही कळत होतं. उगाच त्यानं लाल बाहुलीला बोट लावलं. बाहुली कलंडली.

“ही सुटीच आहे की,” तो म्हणाला. “मग बुवा, जरा चालवूनच दाखवा ना. म्हणजे मला कळेल.”

“हरकत आहे!” हे ताडकन उठले.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “कशाला हरकत? देखावा तुमचाच आहे, आठल्ये.”

हे बसले. बसताना मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी माळेचा मणी ओढला.

बुवा खाली आले. दोन बोटांत स्वतःला धरलं, घुमटीच्या दारासमोर ठेवलं आणि निघाले. आरंभ बरोबर केला. बाहुली चालू लागली, विहिरीसमोर आली, पण विहीर आली डाव्या हाताला. बुवा थांबले. स्वतःचा उजवा हात त्यांनी किंचित उचलून पाहिला. पुन्हा निघाले. घुमटीच्या पलीकडे पोचले, आता विहीर उजवीकडे होती, पण मधे घुमटी. बुवांच्या कपाळावर गंधाच्या खाली घाम आला. नऊ डोकी टेबलावर वाकलेली. बुवांनी बाहुली उचलली, दारासमोर परत आणली, उलटी फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं चालवत विहिरीपाशी नेली.

“हे बघा. इथं. उजव्या हाताला. मधे काही नाही.”

“आभारी आहे,” परेरा म्हणाला आणि खाली बसला.

त्याला काहीही कळलं नव्हतं! हा शहाणा आपले कागद गोळा करत होता. माझ्या हातातली माळ थांबली. ओरडावंसं वाटलं, पण माझं ओरडणं ते काय, पुढच्या बाकावरच्या माणसाला वाटलं असतं की ही जप करतेय.

तेवढ्यात केळुसकर मास्तरांनी घसा साफ केला. “साहेब, पंचांना प्रश्न विचारता येतो का?”

“येतो.”

“बुवा,” मास्तर वर्गात फळ्यावरचं चुकलेलं गणित दाखवावं तसं म्हणाले, “तुम्ही दत्तगुरूंना प्रदक्षिणा उलटी घालता?”

बुवांचा हात बाहुलीवरच राहिला.

“उलटी म्हणजे काय झाला?” लोखंडी सामानाचे व्यापारी फिदाअली शेठ पंचांत होते, त्यांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

“शेठ, देव आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं,” मास्तरांनीच सांगितलं. “मग बाकीचं जग राहतं डाव्या हाताला. विहीर उजवीकडे आलीच, तर ती देवाच्या पलीकडे असते. मधे ही एवढी घुमटी. आत्ता बुवा फिरले तसं आमच्यात कुणी देवाला फिरत नाही. तसं फिरतात मसणात, चितेभोवती.”

“या अल्ला,” शेठ म्हणाले.

“बाहुली लहान आहे,” बुवा म्हणाले. गाभारा आता आवाजात राहिला नव्हता. “माझा गोंधळ झाला.”

“मग सुलटी फिरवा,” जज्जसाहेब म्हणाले. “आणि विहीर उजव्या हाताला आली की थांबा.”

बुवांनी फिरवली. बाहुली घुमटीमागे जाऊन उभी राहिली. जज्जसाहेब खुर्चीवरून उतरले, टेबलापाशी आले, चष्मा काढून खाली वाकले आणि बाहुलीच्या डोक्यामागून बघत राहिले.

“मला तर नुसती भिंत दिसते,” ते म्हणाले.

“बुवा, मग विहीर डाव्या हाताला होती का?” हे घाईघाईनं उठून विचारू लागले.

“हो, हो. डाव्याच!”

“मॅजिस्ट्रेटसमोर उजव्या, इथं शपथेवर दोनदा उजव्या,” जज्जसाहेब जागेवर जात म्हणाले. “आठल्ये, बसा आता.”

पंच आत गेले आणि एक पान चघळून होईल एवढ्या वेळात बाहेर आले. नऊच्या नऊ. निर्दोष.

आवडाकाकूंचा पाय घसरला, की त्यांनी जीव दिला, की आणखी काही, ते आजही मला ठाऊक नाही. ठकूनं काही केलं नव्हतं असंही मी त्या वेळी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. मला एवढंच माहीत होतं, की बुवांनी ते पाहिलेलं नाही. ज्या माणसानं त्या घुमटीला एकदाही प्रदक्षिणा घातली नाही, त्याच्या प्रदक्षिणेवर एक बाई लटकणार होती.

निकालानंतर जज्जसाहेब ह्यांना म्हणाले, “आपल्याच विरुद्ध जाणारी गोष्ट इतक्या स्पष्टपणे पंचांपुढे मांडणारा सरकारी वकील मी पहिल्यांदाच पाहतोय. अभिनंदन.” ह्यांनी आधी तोंड उघडलं, मग मिटलं, मग वाकून नमस्कार केला. कोर्टाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ह्यांच्या चेहऱ्यावर सत्यासाठी खटला हरलेल्या माणसाचं तेज आलं होतं. पुढे पंधरा वर्षं ते उतरलं नाही. बाररूममध्ये ‘माझी सुटी बाहुली’ ह्या विषयावर ह्यांनी व्याख्यानही दिलं.

पायऱ्यांच्या खाली ठकू उभी होती. पोलीस कधीच निघून गेला होता, तरी दोन्ही मनगटं तिनं एकमेकांजवळच धरली होती. परेरा तिला समजावत होता, “बाई, तू सुटलीस. जा आता.”

“जाऊ कुटं?” ठकूनं विचारलं.

परेरानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कायद्याच्या पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं.

“टांग्यात जागा आहे,” मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, वेड लागलंय का? सकाळी मी हिला फाशी मागितलीय!”

“मिळाली नाही ना. मग कुठंतरी राहणारच ती.”

“आपल्या घरात?”

“नऊ पंच आणि जज्जसाहेब म्हणाले निर्दोष. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे का?”

ह्यावर ह्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते अभिनंदनाच्या आड येत होतं. हे टांगेवाल्याशेजारी पुढे बसले. घरी येईपर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी राममंदिरातून परत आले, तर ठकूनं परस झाडून काढलं होतं, बंब पेटवला होता आणि चहा करून ठेवला होता. मी पूजेआधी काही घेत नाही. म्हणून तिनं कप-बशी उचलली आणि ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. कपाकडे पाहिलं. मग ठकूकडे. मग माझ्याकडे. खरोखरच मी त्या वेळी वाती वळत होते. मान वर केली नाही.

ही बाई मालकिणीचा जीव घेणारी आहे, तिला दया दाखवू नका, असं ह्यांनी आदल्याच दिवशी नऊ माणसांना दोन तास पटवलं होतं. आता पंच नव्हते, फळी नव्हती, विलायती मासिक नव्हतं. ह्यांच्यापुढे चहा होता, त्यातून वाफ निघत होती, आणि ठकू दाराशी उभी होती. जावं की थांबावं, तिला कळत नव्हतं.

चहा निवू लागला. हे बसले होते.

मग ह्यांनी कप उचलला, बशीत ओतला, डोळे मिटले आणि प्यायले. बशी खाली ठेवली. थोडा वेळ आपल्याच पोटाचं ऐकल्यासारखे थांबले.

“साखर कमी आहे,” हे म्हणाले.

“उद्या जास्त घालीन, सायेब,” ठकू म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.